रोटाचा डबा आणि खालचं विमान

"चांद निंघना! शांत्या, ऊठ रे... चांद निंघना!"

इंदूकाकी ओरडत होती. आणि कुठे? शेतात नाही, ओट्यावर नाही — विमानात! विमान उतरायला आलेलं. पट्टे बांधून झालेले, खुर्च्या सरळ करून झालेल्या, चाकं बाहेर पडल्याचा धडाम आवाज होऊन गेलेला, खिडकीबाहेर पिंजलेल्या कापसासारखा नुसता ढग... आणि साठी ओलांडलेली माझी काकी पट्टा सोडून, माझ्या दोन्ही मांड्या तुडवून मधल्या वाटेत उभी! टाचा उंचावून डोक्यावरचा सामानाचा कप्पा उघडत होती.

"मॅडम, बैठ जाइए! मॅडम! मॅडम!!" समोर आमच्याकडे तोंड करून बसलेली एअर होस्टेस किंचाळत होती. त्या बिचारीला उठता येईना, ती स्वतःच चारी बाजूंनी पट्ट्यांत जखडलेली.

"काकी, खाले बठ!" मी ओरडलो. माझा आवाज म्हणजे काय सांगू... सारंगखेड्याच्या यात्रेत मी एकदा मित्राला हाक मारली, तर घोड्यांची अख्खी रांग मागच्या पायांवर उभी राहिली होती. पण काकीवर काडीचा परिणाम नाही.

"तूच बठ! माले डबा काढू दे!"

थांबा. मंडळी, विमान जरा असंच हवेत ठेवू, ते कुठे जात नाही. आधी माझ्याबद्दल सांगतो, नाहीतर तुम्ही पुढचं वाचाल आणि म्हणाल, सुटला हा पुन्हा.

माझं नाव शांताराम. ही आमच्या वडिलांनी जगाला मारलेली पहिली थाप. गाव कळसाडी, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार. कापूस, ऊस आणि गप्पा ही माझी तीन पिकं, त्यातल्या तिसऱ्याला पाणी लागत नाही. भूत, चकवा, अंगात येणं, असलं काही मी जन्मात मानलेलं नाही. कारण साधं आहे. आमच्या पंचक्रोशीतली निम्मी भुतं मी स्वतः तयार केलेली आहेत. उसाच्या फडात जी पांढऱ्या लुगड्यातली बाई दिसते म्हणतात ना, ती माझी. आता लोक तीच बाई मला परत सांगतात आणि वर म्हणतात, शांतारामभाऊ, तिकडून जाऊ नका! ज्याच्या हातानं जिलेबी तळली जाते, त्याच्या तोंडाला तिचं पाणी सुटत नाही.

म्हणून सांगतो, या अनुभवात मी जिथे वाढवून सांगेन, तिथे तुम्हाला ते लगेच कळेल. जिथे कळणार नाही, तिथे खरं बोलतोय असं धरून चाला.

तर आता तो डबा.

आमच्या खान्देशात श्रावणात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी तिची स्थापना, सोमवारी वाजतगाजत नदीवर पाठवणी. तिच्या नैवेद्याला रोट म्हणतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, दळायचे, आणि आमच्याकडे त्याच्या गुळाच्या जाड पुऱ्या करतात. नियम मात्र कडक! रोट फक्त भाऊबंदांनी खायचा, परक्याला कणभर द्यायचा नाही. पायाजवळ ठेवायचा नाही. ज्याच्या नावाचा वाटा, त्यानंच तो खायचा. आणि पुनवेचा चांद उगवायच्या आत संपवायचा. नाही संपला तर तापीत सोडायचा. दुसऱ्या घरांत थोडं इकडेतिकडे चालत असेल, इंदूकाकीच्या राज्यात चालत नाही.

काकीचा एकुलता एक मुलगा भूषण. दक्षिणेकडच्या एका मोठ्या शहरात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. (शहराचं नाव सांगत नाही. पुढे विमानतळाची भानगड आहे, उगीच कोणाच्या नोकरीवर यायला नको.) दोन वर्षं झाली, पोराला श्रावणात सुट्टी नाही. दोन्ही वर्षी काकीनं त्याच्या नावाचे गहू घेतले, पुऱ्या तळल्या, वाट पाहिली आणि पुनवेच्या संध्याकाळी त्याचा वाटा पदराखाली झाकून तापीवर गेली. मागच्या वर्षी मी सोबत होतो. पुऱ्या पाण्यात सोडल्या, त्या बुडेपर्यंत पाहिल्या, आणि ती म्हणाली, "जित्ता मानूसना वाटा पानीमा सोडना पडस, शांत्या."

मी... मी! अख्खा रस्ता गप्प आलो. गावात अफवा पसरली की शांतारामला टायफॉइड झालाय.

या वर्षी पुन्हा तोच फोन. "आई, यंदा बी सुट्टी नही भेटत."

काकी शांतपणे म्हणाली, "बरं. मंग मीच लई येस."

काका गुडघे चोळत बसले होते. म्हणाले, "अवं, कुरियर करी दे ना!"

"कुरियरवाला आपला भाऊबंद शे का?"

विषय संपला. रेल्वेनं गेलो तर चांद वाटेतच गाठणार. राखीपौर्णिमेची गर्दी, त्यामुळे विमानाचं तिकीट मिळालं तेही नेमकं पुनवेच्याच दिवसाचं, सुरतहून दुपारचं. सोबत कोण जाणार? ज्याला विमानाची सवय आहे तो. आणि गावात तशी ख्याती फक्त माझी होती. मी कितीतरी वेळा विमान-प्रवासाचं वर्णन केलेलं होतं... इतकं चांगलं, की पहिल्यांदा बसायची वेळ आली तेव्हा माझं मलाच सगळं ओळखीचं वाटलं. फक्त पट्टा कसा लावतात ते वर्णनात राहून गेलं होतं.

पहाटे गाडी काढली, नवापूर, व्यारा करत सुरत. स्टीलचा डबा काकीच्या मांडीवर, वर पांढरं फडकं बांधलेलं. विमानतळावर मशीनमधून डबा गेला तर जवानाला शंका आली. त्यानं फडकं सोडलं.

"इसमें क्या है, माताजी?"

"हात लाव बाबा, पन खावू नको बरं!"

त्याला एक अक्षर कळलं नाही, पण काकीचा डोळा कळला. डबा बंद करून त्यानं दोन्ही हातांनी परत दिला. मी हजार चेकनाके पाहिलेत, सामान एवढ्या अदबीनं कोणी परत देत नाही.

विमानात आम्ही पुढच्याच बाजूला, दुसऱ्या रांगेत. कडेला मी, मध्ये काकी, आणि खिडकीला एक सुरती शेठ. पोट असं की खिडकी आधी त्याच्या पोटाला दिसायची, मग त्याला. विमान वर गेलं आणि शेठनं नाक फुलवलं.

"माजी, डब्बामां शुं छे? सुगंध तो बहु सरस आवे छे!"

काकीची अवस्था बघवेना. शेजारच्या माणसानं तोंडानं मागितलं आणि आपण नाही म्हणायचं, हे आमच्याकडे पाप. आणि द्यायचं, तर त्याहून मोठं पाप. शेवटी तिनं पिशवीत हात घातला आणि माझ्यासाठी आणलेल्या कळण्याच्या भाकरी, ठेचा, शेव, सगळं त्याच्या पुढ्यात मांडलं. मी नुसता बघत राहिलो. ठेच्याच्या पहिल्या घासाला शेठच्या कानांतून वाफ निघाली, विमान त्या जोरावर थोडं पुढे सरकलं असावं. पण गडी थांबला नाही. सगळं संपवलं.

उतरायची वेळ झाली तशी एअर होस्टेस आली. गोड मुलगी, आमच्या पुतणीच्या वयाची. म्हणाली, डबा मांडीवर चालणार नाही, समोरच्या सीटखाली ठेवा.

"पायसजोडे?" काकी ताठ झाली. "कानबाईना रोट पायसजोडे ठेवू?"

मी मध्ये पडलो. खूप चर्चा झाली. शेवटी तडजोड अशी की डबा डोक्यावरच्या कप्प्यात जाईल, म्हणजे पायापासून लांब. मुलगी सुटली, कप्प्याला खटकन लॉक लावलं आणि समोर आपल्या जागेवर जाऊन बसली. तिच्या डोक्याशेजारी भिंतीवर पायलटशी बोलायचा फोन होता, ते मी तेव्हाच पाहून ठेवलं. गावात सांगायला असली बारीकसारीक माहिती फार लागते.

मग ढग आले. श्रावणातले, ओले, जाड. विमानात एकदम दिवेलागण झाल्यासारखं झालं. दुपारचे जेमतेम चार-साडेचार वाजले असतील, पण काकीजवळ घड्याळ नाही, आणि ढगात कसली दुपार? तेवढ्यात एक ढग पातळ झाला आणि त्याच्या आडून सूर्य दिसला. पांढराफट्ट, गोल, तेज नाही, डोळे भरून बघता येईल असा. हुबेहूब पुनवेचा चंद्र!

काकीनं शेठच्या पोटावरून वाकून तो पाहिला, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

तिला वाटलं, चांद निघाला, पोराचा वाटा यंदाही बुडाला. निदान डबा पदराखाली घेऊ, चांदाची नजर पडू देऊ नये, एवढंच तिच्या डोक्यात. ती वाटेत उभी, मुलगी समोरून किंचाळतेय, मी काकीचा पदर धरून ओढतोय, मागचे लोक "अरे बैठाओ उनको!" करताहेत. मुलीचे दोन्ही हात पुढे होते, तळवे आमच्याकडे, आपण बिथरलेल्या बैलापुढे करतो ना, तसे. हे नीट लक्षात ठेवा. दोन्ही हात!

कप्पा उघडला. डबा काकीच्या हातात आला.

आणि त्याच क्षणी विमान गरजलं.

मी आयुष्यात खूप आवाज ऐकलेत, त्यातले बरेच माझेच होते. पण हा वेगळा. खाली जाणारं विमान एकदम नाक वर करून उठलं. काकी डब्यासकट थेट माझ्या मांडीवर! मी खुर्चीत असा रुतलो की पाठीवर अजून खुर्चीच्या शिवणीचा नकाशा आहे. माझी मान आपोआप खिडकीकडे वळली. ढग फाटला होता. खाली ओली काळी धावपट्टी... आणि तिच्यावर दुसरं विमान!

आमच्या पोटाखाली. पुढे सरकणारं. उडायला निघालेलं.

"अरे बाप रे! बीजुं प्लेन!" शेठ ओरडला आणि त्यानं डोळेच मिटून घेतले.

मी मिटले नाहीत. किती जवळ होतं म्हणता? त्या विमानाच्या पायलटच्या गॉगलमध्ये मला माझ्या मिशा दिसल्या. बरं, मिशा राहू द्या. गॉगलही काढून टाका. पण त्याच्या शेपटीवरचं चित्र मला दिसलं, आणि पाठीवरून ओघळणारं पावसाचं पाणी दिसलं, यावर मी कानबाईची शपथ घ्यायला तयार आहे. आणि कानबाईची शपथ मी गंमत म्हणून घेत नाही.

मागे एक बाळ रडायला लागलं तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. मग आम्ही आकाशात गोल गोल फिरत राहिलो, भोवऱ्यासारखे. काकी डबा पदराखाली घेऊन एकच विचारत होती, "चांद शे का रे अजून?"

"काकी, तो सूर्य व्हता!"

"खरं सांगस का?"

तुम्ही गंमत बघा. मरणाच्या दारातून परत आलो तरी काकीला शंका माझ्यावर!

शेवटी उतरलो. आणि दारातच एक ब्लेझरवाले साहेब उभे. "ये माताजी हमारे साथ आएँगी." उतरताना उभं राहणं हा गुन्हा आहे, चौकशी होईल, जबाब होईल. आम्हाला एका काचेच्या खोलीत बसवलं. शेठ बिचारा जाता जाता सांगून गेला, "माजी बहु सारां छे, साहेब," पण ठेच्यानं त्याचा आवाजच बसला होता.

आता खरी घालमेल. बाहेर भूषण गाडी घेऊन उभा, त्याचे फोनवर फोन. आत साहेब नाव, पत्ता, वय लिहिताहेत. खोलीच्या मोठ्या खिडकीतून उजेड उतरत चाललेला दिसतोय. काकी खुर्चीच्या टोकावर बसून, पाठ खिडकीकडे करून, डब्यावर ओणवी.

"आप खड़ी क्यों हुईं?"

"चांद निंघना असं वाटनं ना, साहेब."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मी सव्वा मुठीपासून तापीपर्यंत सगळं समजावलं, चार-दोन गोष्टी जास्तीच्या घातल्या. त्यामुळे प्रकरण आणखी बिघडलं. ते कोणाला तरी डॉक्टर पाठवा म्हणून सांगायला लागले.

तेवढ्यात कॅप्टन आत आला. उंच, कानांवर पिकलेले केस, चेहऱ्यावर रंग नाही. त्याच्यामागे आमची ती मुलगी.

"खड़ी कौन हुई थीं?"

मी काकीकडे बोट दाखवलं. मनात म्हटलं, झालं, आता बेड्या. तर त्या माणसानं काकीपुढे हात जोडले! मग साहेबांना म्हणाला, यांना सोडा. ढगात होतो, पट्टी दिसत नव्हती. प्रवाशांच्या केबिनमधून फोन आला, बाईचा आवाज होता — "अभी मत उतारो, एक माताजी खड़ी हैं." कोणी उभं असेल तर उतरायचं नाही, म्हणून मी विमान वर घेतलं. वर घ्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे खालून टॉवरचा आवाज आला की पट्टीवर दुसरं विमान आहे. ढगातून बाहेर पडून डोळ्यांनी बघेपर्यंत थांबलो असतो तर...

मग तो मुलीकडे वळून म्हणाला, "अच्छा किया, बेटा, जो फोन किया."

ती मुलगी पांढरी पडली. "सर... मैंने फोन नहीं किया."

साहेबांनी खाली ठेवलेलं पेन पुन्हा उचललं.

"मी ओरडत होते," ती हिंदीतच म्हणाली. "फोन उचलायला वेळच नव्हता."

आणि मंडळी, याला साक्षीदार मी! तिचे दोन्ही हात पुढे होते, फोन भिंतीवर जागच्या जागी होता. मागच्या टोकाला, तिथल्या फोनपाशी बसलेल्या मुलींना बोलावलं. त्यांनीही नाही म्हटलं. त्यांना तर पुढे कोण उभं आहे ते दिसतही नव्हतं, त्यांना फक्त आरडाओरडा ऐकू आला. बरं, खोटं बोलायचं कारण काय? ज्या कामाची शाबासकी चालून आलीये, ते काम कोण नाकारतं? मी तर न केलेलंही घेतलं असतं!

"आवाज़ बड़ी शांत थी," कॅप्टन म्हणाला, जणू स्वतःशीच. "जैसे घर में कोई बात कर रहा हो."

साहेबांनी कागदावर रेघ मारली आणि दार उघडलं.

बाहेर धावलो. काकी माझ्या पुढे! भूषण पार्किंगमध्ये उभा होता, आईला बघून वाकला, तर ती म्हणाली, "पाया नंतर पड. हात धू." घरी पोचेपर्यंत चांद वर आला असता. म्हणून तिथेच, पार्किंगच्या छपराखाली, दोन गाड्यांच्या मध्ये माझा टॉवेल अंथरला. पोराला बसवलं. बाटलीतल्या पाण्यानं त्यानं हात धुतले. काकीनं फडकं सोडलं, पुरी त्याच्या हातावर ठेवली. आजूबाजूला गाड्या फिरताहेत, कोणी हॉर्न मारतंय, आणि तो कंपनीतला साहेब मांडी घालून गुळाची पुरी खातोय. दुसरा घास घेताना त्याचे डोळे भरले. "आई, गूळ आपला शे ना?" एवढंच बोलला. काकी त्याचं चावणं बघत होती. आमच्या गावात पहिल्या पावसानंतर लोक जसे शेताकडे बघतात ना... नाही, त्याच्याहून जास्त. एक कणही उरला नाही.

मग आम्ही छपराबाहेर आलो. ढगांच्या कडेनं चांद नुकताच वर येत होता, चांगला थाळीएवढा, पिवळा. काकीनं त्याला या वेळी खुशाल बघू दिलं.

या गोष्टीला काही महिने झाले. मी खूप डोकं लढवलं. कोणा प्रवाशानं फोन उचलला? पुढे त्या मुलीशिवाय कोणी नव्हतं. कॅप्टनला भास झाला? बाजूच्या दुसऱ्या पायलटनंही तोच आवाज ऐकला, असं तो म्हणाला. कुठलंसं रेकॉर्डिंग तपासणार होते, त्याचं काय झालं ते आम्हाला कोण कळवणार? एरवी माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार असतं, खरं नसलं तरी चांगलं असतं. याचं मात्र अजून नाही. आणि वाईट याचं वाटतं की आयुष्यात एकदा खरी गोष्ट हाती लागली, तर पारावरचे लोक म्हणतात, शांतारामभाऊ, फोनवाला भाग जरा पातळ झालाय, अजून रंगवा.

त्या संध्याकाळी गाडीत मी काकीला हेच विचारलं होतं. "काकी, त्या मुलीनी फोन नही करा, बाकीन्यासनी नही करा... मंग इमानमा फोन कोनी करा व्हई?"

काकी मागच्या सीटवर रिकामा डबा फडक्यानं पुसत होती.

"कोनी बी करा व्हई," ती म्हणाली. "पोऱ्या जेवना ना."